नेस्टरच्या स्कॅनवरचं लाल वर्तुळ

प्रिय ग्वेन,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. तुमच्या शेतावरून आमच्या शेतावर चालत येता यायचं, तरी शाळेच्या सुट्टीत आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, ती सवय. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस. माझा नेस्टर गेल्यापासून तू दर नाताळला न चुकता कार्ड पाठवतेस आणि मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. यंदाही देणार नव्हते. पण आता तुझ्याकडे माझं एक काम निघालं आहे आणि ते फोनवर होण्यासारखं नाही. फोनवर तू बोलायला लागलीस की मला तुझं पटायला लागतं. तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून लिहितेय.

इकडचं काय सांगू. शाळेची बस चालवणं मी सोडलं. गुडघा क्लच दाबू देईना. गुरुवारी चर्चच्या तळघरात बटाटा भरलेल्या पिरोगी वळायला जाते. तिथल्या बायका अजून तुझी चौकशी करतात. मी सांगते, ती निवृत्त होऊन समुद्राकडे राहायला गेली, मजेत आहे. तू मजेत आहेस की नाही, मला ठाऊक नाही. पण तेवढं बोललं की विषय संपतो. कर्लिंग क्लबात नेस्टरच्या जागी आलेला माणूसही गेला, आता तिसराच कोणी बर्फ बघतो. मी मागच्या हिवाळ्यात एकदा डोकावले, तर जुने खेळाडू माझ्याजवळ येऊन तक्रार करायला लागले, की ओरिस्या, बर्फावर सरकवलेला धोंडा डावीकडे ओढला जातो गं. जसं काही मी घरी जाऊन नेस्टरला सांगणार होते.

मला तुझ्या आईपासून सुरुवात करायला हवी. तुझ्यावर कितीही राग असला तरी ते मी विसरलेले नाही. तिच्या पोटात दुखायचं, तिचं स्कॅन झालं, डॉक्टर म्हणाले काही नाही, थांबून बघू. ती थांबली. पुढच्या सुगीपर्यंत तिचं यकृत गाठींनी भरलं होतं. नंतर कोणीतरी जुनी फिल्म पुन्हा उजेडाला धरून पाहिली आणि तुला सांगितलं, की गाठ तेव्हाही होती, पण इतकी पुसट, की कोणालाही ओळखू आली नसती. दफन झाल्यावर तू आमच्या कोठारामागे बसून हे वाक्य मला परत परत ऐकवत होतीस. पुढे तू भौतिकशास्त्र घेतलंस, इतकी वर्षं त्या पुसट चित्रांमागे काढलीस, लग्नसुद्धा राहून गेलं. लोक म्हणायचे, ग्वेन ऑल्डसला त्या कॅमेऱ्यापलीकडे काही दिसत नाही. मी त्यांच्याशी भांडायचे. मला वाटायचं, यांना काय माहीत, ही कशासाठी करतेय ते.

एकदा नाताळच्या आधी तू घरी आली होतीस, मी खसखशीचा रोल करायला बसले होते. नेस्टरनं तुला विचारलं, की तू नक्की करतेस तरी काय, मला बर्फवाल्याला कळेल असं सांग. तू माझ्या वाडग्यातली चिमूटभर खसखस पांढऱ्या टेबलक्लॉथवर उधळलीस. म्हणालीस, माणसाला टोचलेल्या औषधातून असे कण बाहेर पडतात, कॅमेरा ते पकडतो. जिथे दाट, तिथे गाठ असू शकते. पण खसखस नुसती उधळली तरी कुठे ना कुठे दाट पडतेच, आणि शरीराच्या काही जागा आपल्या ठेवणीनंच औषध जास्त पितात. मोठी गाठ कुणालाही दिसेल. छोटी ओळखायची म्हणजे चित्र धुवायचं. जास्त गुळगुळीत केलं की छोटी गाठ पुसली जाते, जास्त धारदार केलं की नसलेल्या गाठी उगवतात.

नेस्टरनं बोटानं ते दाणे गोळा करत विचारलं, "म्हणजे कुठेतरी चुकणार हे नक्की. मग तू कुठल्या बाजूला चुकतेस?"

तू क्षणभरही थांबली नाहीस. "नसलेली दिसली तर चालेल. असलेली सुटता कामा नये."

आम्हा दोघांनाही ते किती छान वाटलं होतं. तू गेल्यावर नेस्टर म्हणाला, आपल्या ओळखीत एक तरी माणूस आहे जो आपल्या कामावर इतका ठाम आहे. तो स्वतः खेळाआधी क्लबातल्या बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडताना कोणाला बोलू द्यायचा नाही, त्यामुळे तू त्याला आपल्यातली वाटायचीस.

मग त्याच्या आतड्यात गाठ निघाली. हळू वाढणारी, फारशी वाईट नव्हे असं डॉक्टर पेनर म्हणाले, आणि काढूनही टाकली. तो दोन महिन्यांत क्लबात परत गेला. पुढच्या तपासणीला ते गॅलियम टोचून करायचं नवं स्कॅन आलं होतं. तू प्रयत्न करून त्याला तुझ्या गाठी शोधणाऱ्या प्रोग्रामच्या चाचणीत घेतलंस. त्याबद्दल मी तेव्हा तुझे किती आभार मानले होते! आतून लोणच्याच्या बरण्या आणून तुझ्या गाडीत भरल्या होत्या. स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं, स्वच्छ आहे. तुझ्या प्रोग्रामनं मात्र स्वादुपिंडाच्या डोक्याशी, जिथे ते आतड्याच्या वळणात शिरतं तिथे, एक लाल वर्तुळ काढलं.

पेनरनी आम्हाला बोलावून सांगितलं, की ही जागा फसवी असते. काही माणसांत तिथे औषध उगाचच जमतं. सहा महिने थांबू, पुन्हा स्कॅन करू, वाढलं तर बघू. कारण ही शस्त्रक्रिया लहान नाही. ती करायची तर अगदी खात्री असलेली बरी. मला त्या माणसाचं बोलणं बरं वाटलं. सावकाश बोलत होता, आपल्याला सगळं कळतं असा आव नव्हता. गाडीत मी नेस्टरला म्हटलं, थांबू या.

त्याच संध्याकाळी तू आलीस. बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात आलीस, फरशीवर बर्फाचं पाणी. तुझा चेहरा मला आजही दिसतो, ग्वेन. तू आनंदात होतीस. वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. डॉक्टरांच्या डोळ्यांतून निसटलेलं तुझ्या प्रोग्रामला दिसलं होतं आणि तेही आपल्या नेस्टरमध्ये, वेळेत. पेनर थांबा म्हणताहेत असं मी सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मीच त्याला मरणाकडे ढकलतेय. मग माझ्याशी बोललीच नाहीस. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलीस, त्याचा हात धरलास.

"थांबू नकोस नेस्टर. माझी आई थांबली होती."

तुझ्या आईला मध्ये आणल्यावर त्या घरात कोण काय बोलू शकलं असतं? तरी मी म्हटलं, की पेनर शस्त्रक्रिया करणारे आहेत, त्यांना कळत असेल. नेस्टरनं माझी समजूत घालायला माझ्या खांद्यावर थोपटलं. "पेनर मला वर्षभर ओळखतो, ओरिस्या. ग्वेन मला आपल्या लग्नाआधीपासून ओळखते." झालं, ठरलं. पेनरना त्यानं स्वतः फोन करून गळ घातली. मार्चमधल्या स्पर्धेआधी परत येतो, असं क्लबात सांगून ठेवलं. आमची पोरगी लारिसा तेव्हा वर उत्तरेला यलोनाइफच्या शाळेत शिकवत होती. तिला आम्ही इतकंच कळवलं, की स्कॅनमध्ये ठिपका दिसला म्हणून बाबांची शस्त्रक्रिया आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते बाहेरच्या खोलीतून पाहिलंस, मी पलंगापाशी बसून. स्वादुपिंडाचं डोकं काढलं, पित्ताशय काढलं, आतड्याचा तुकडा काढला आणि उरलेलं जोडलं. तो जोड गळायला लागला. मग ताप, मग नळ्या, मग पुन्हा पोट उघडलं. त्याला तोंडानं काही द्यायचं नव्हतं, फक्त चघळायला बर्फाचे तुकडे. तो नर्सला म्हणायचा, इतका भिकार बर्फ मी आयुष्यात बनवला नाही, कोणाला नोकरीवर ठेवलंय तुम्ही. ती पोरगी हसायची आणि बाहेर जाऊन रडायची. शेवटच्या आठवड्यात तो मला ओळखायचा, पण आपण कुठे आहोत ते त्याला कळायचं नाही. मोसम संपून क्लबात बर्फ वितळायला सोडला होता, त्याच दिवसांत तो गेला.

पेनरनी मला खोलीत बसवून दार लावलं. काढलेला सगळा भाग तपासला, कण न् कण तपासला, म्हणाले. "गाठ नव्हती, मिसेस बिलिक. ते निरोगी स्वादुपिंड होतं." मला त्यांना ओरडावंसं वाटलं नाही. ते थांबा म्हणाले होते.

आणि तू काय केलंस? दफनानंतर चर्चच्या सभागृहात, लोक जेवत होते, मी दाराशी उभी राहून सगळ्यांचे हात हातात घेत होते. तू जवळ आलीस. मला वाटलं, आता ही माझ्या गळ्यात पडेल, आम्ही दोघी रडू, आणि मग कसं तरी सगळं सुसह्य होईल. खरंच वाटलं होतं. तुझ्यासाठी मी जागाच करून ठेवली होती म्हण ना. तू माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणालीस, "तिथे काहीतरी होतंच, ओरिस्या. तपासणाऱ्यांच्या हातून निसटलं असणार."

त्या दिवशी माझ्या नवऱ्याला पुरलं होतं आणि तू तुझं वर्तुळ वाचवत होतीस.

उन्हाळ्याच्या शेवटी तू परत आलीस, तोपर्यंत तुला कळून चुकलं होतं. आणखी कुणाकुणाच्या स्कॅनवर त्याच जागी तशीच वर्तुळं निघाली होती आणि ती खोटी ठरली होती, असं तू दारातच सांगितलंस. तुला नेस्टरची चित्रं हवी होती. चाचणी संपली की ती पुसायची होती, पण घरच्यांनी परवानगी दिली तर तुमच्या संग्रहात राहतील, त्यांवरून प्रोग्रामला शिकवता येईल की असं दिसलं तर ती गाठ नव्हे. मी तुला आत घेतलं नाही. म्हटलं, "माझा नवरा गेला, आता त्याचा धडा करायचाय तुला?" तू म्हणालीस, हो. मी दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून तू बराच वेळ पायरीवर उभी दिसत होतीस.

त्यानंतर तुझा प्रोग्राम किती ठिकाणी गेला, तुला कुठले मान मिळाले, हे मला लोकांकडून कळत राहिलं. मी वर्तमानपत्राचं ते पान उलटायचे. अमुक एकीची गाठ वेळेत सापडली, तमुक वाचला. ज्यांची नसलेली सापडली त्यांच्याबद्दल कोणी छापत नाही.

आता लारिसाचं. ती दोन वर्षांपूर्वी एडमंटनला परत आली, माझ्यापासून दहा मिनिटांवर राहते. मागच्या हिवाळ्यापासून तिच्या पोटात कळा यायच्या, वर्गात शिकवता शिकवता चेहरा एकदम लालबुंद व्हायचा. डॉक्टर म्हणाले, ताण आहे. मग म्हणाले, दूध सोड. मग म्हणाले, वयाचं आहे. अखेर डॉक्टर ग्रेवाल म्हणून एक तरुण बाई भेटल्या. त्यांनी वडिलांचं विचारलं आणि लगेच रक्त तपासलं, तेच स्कॅन करायला सांगितलं. मी विचारलं, चित्रं बघतं कोण. त्या म्हणाल्या, दोन डॉक्टर बघतात आणि एक प्रोग्रामही बघतो. त्याचं नाव ऐकलं, तुझाच तो, आणि मी तिथेच उठून उभी राहिले. म्हटलं, तो नको. माणसांनी बघा, शंभर माणसांनी बघा, पण तो नको. ग्रेवालबाईंना काही कळेना. लारिसानं मला हाताला धरून बाहेर आणलं.

गाडीत आम्ही भांडलो. बाहेर इतकी थंडी की काचा आतून गोठलेल्या, आणि आम्ही इंजिन चालू करायचंही विसरलो. मी तिला म्हटलं, त्या वस्तूनं तुझ्या बापाला खाल्लं. तेव्हा ती रडत रडत म्हणाली, "आई, बाबांची चित्रं मीच दिली. मी सुट्टीला घरी होते, तू दार लावलंस, त्यानंतर मी मागच्या दारानं ग्वेनमावशीच्या मागे गेले होते. कोपऱ्यावर गाठलं तिला." इतकी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. कायद्यानं तिची सही पुरत होती म्हणे. आणि तूही कुठल्या कार्डात कधी एक अक्षर लिहिलं नाहीस. तिनंच तुला तशी शपथ घातली होती, असं ती म्हणाली. मी इंजिन चालू केलं आणि तिला घरी सोडलं.

स्कॅन झालं. निकालाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ग्रेवालबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला आणि मला पहिल्यांदा दिसलं ते तेच. स्वादुपिंडाच्या डोक्याशी, आतड्याच्या वळणात, झळझळीत. नेस्टरच्या चित्रात होतं त्याहूनही उजळ. मी विचारलं, हे काय आहे. त्या म्हणाल्या, काही नाही, काही लोकांत तिथे औषध जमतंच, अगदी निरोगी जागा आहे. पूर्वी प्रोग्राम इथे खूण करायचा, लोकांची पोटं उघडली गेली, आता तो शिकलाय. त्या आपल्या सहज बोलत होत्या. समोर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरंच तिथे वर्तुळ नव्हतं, ग्वेन. मी खुर्ची पुढे ओढून पाहिलं. वर्तुळ खाली होतं, आतड्याच्या एका वेटोळ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या पुसट ठिपक्याभोवती. दोन्ही डॉक्टरांना तो आधी आतड्याचाच भाग वाटला होता. प्रोग्रामनं दाखवल्यावर त्यांनी पुन्हा निरखून पाहिला.

मी या वेळी थांबा म्हटलं नाही, करा असंही म्हटलं नाही. लारिसानं ठरवलं. तेवढा तुकडा काढला, आणि गाठ होती. खरी होती, छोटी होती, कुठे पसरली नव्हती. लारिसा आता घरी आहे, सूप पिते, माझ्यावर डाफरते, पुढच्या सत्रात शाळेत जायचं म्हणते.

मी रात्रंदिवस हा हिशोब मांडून पाहिला आणि तो जमत नाही. बापाच्या चित्रानं पोरीचं पोट वाचलं असं चर्चमध्ये कोणी ऐकलं तर छातीवर क्रूसाची खूण करेल आणि देवाची योजना म्हणेल. मी म्हणणार नाही. पोरीसाठी जीव देतोस का, असं नेस्टरला कोणी विचारलं नव्हतं. सहा महिने थांबलो असतो तर तो ठिपका तसाच राहिला असता, चित्रंही तुला मिळाली असती, आणि बापानं आज पोरीला सूप पाजलं असतं.

आता काम. लारिसा ऑगस्टमध्ये तुझ्याकडे येतेय. तुझे आभार मानायचे आहेत तिला, मी कितीही बोलले तरी ती ऐकत नाही. तिच्या मनात सगळं स्वच्छ मांडलेलं आहे: तेव्हा प्रोग्राम कच्चा होता, तो चुकला, ग्वेनमावशीनं तो सुधारला, त्यानं मला वाचवलं. त्या संध्याकाळचं तिला काहीच माहीत नाही. पेनर थांबा म्हणाले होते, हे तिला मी कधी सांगितलं नाही. तू त्याचा हात धरून काय म्हणालीस तेही नाही. बाप गेला होता, त्यावर मावशीही जाऊ नये म्हणून गप्प राहिले. प्रोग्राम चुकला याबद्दल मी कधी कोणाला दोष दिला नाही, ग्वेन. प्रोग्रामला आम्ही लहानपणापासून ओळखत नव्हतो. त्यानं फक्त वर्तुळ काढलं. थांबू नकोस असं तू म्हणालीस. म्हणून ती तुझ्या दारात फुलं घेऊन उभी राहील, तेव्हा ती फुलं हातात घेण्याआधी तिला आत बसव आणि तुझ्या तोंडानं सगळं सांग. नंतर तिला तुझे आभार मानायचे असतील तर मानू दे, मी मध्ये येणार नाही. आणि तू सांगितलं नाहीस, तर परतीच्या वाटेवर मी सांगेन. तिला लांबचं चालवता येत नाही अजून, त्यामुळे गाडी मीच आणणार आहे. तुझ्या फाटकापर्यंत येईन. मला आत बोलावू नकोस, मी उतरणार नाही.

तुझीच असं एके काळी लिहायची ती,
ओरिस्या